धुराच्या वाटेवरचा पहारेकरी

(मोटारीच्या धुरातील विषारी वायू कमी करण्यासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवतात. जुन्या मोटारीत तो बिघडला आहे हे कसे ओळखावे आणि तो का बिघडतो, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कधी मोटारीखाली वाकून पाहिले आहे का? इंजिनापासून निघालेली एक लोखंडी नळी मागे सायलेन्सरपर्यंत जाते. या नळीच्या वाटेवर एक फुगीर डबा दिसतो. काही मोटारींत तो इंजिनाला लागूनच असतो. हाच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. धुराच्या वाटेवर उभा असलेला तो जणू एक पहारेकरीच आहे.

डब्याच्या आत चिनी मातीसारख्या पदार्थाची, मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. हे धातू उत्प्रेरकाचे काम करतात. लग्न जुळवणारा मध्यस्थ दोन घरे जोडतो, पण स्वतः बाजूलाच राहतो. उत्प्रेरकही तसाच. तो रासायनिक क्रिया घडवून आणतो, पण स्वतः खर्च होत नाही. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा तो कार्बन डायऑक्साइड करतो. न जळलेल्या पेट्रोलचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड बनवतो. नायट्रोजनच्या ऑक्साइडांतून साधा नायट्रोजन मोकळा करतो. मात्र त्यासाठी तो सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो.

अमेरिकेत स्थायिक झालेले फ्रेंच अभियंते यूजीन हूड्री यांनी या उपकरणाचा पाया घातला. १९७५ पासून अमेरिकेतील मोटारींत ते सर्रास बसू लागले. आपल्या देशात १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत नव्या पेट्रोल मोटारींना ते सक्तीचे झाले. शिसे हा कन्व्हर्टरचा शत्रू आहे. म्हणून त्याबरोबरच शिसेविरहित पेट्रोलही आले. २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले.

आता एक अनुभव सांगतो. माझ्या चाचांची एक जुनी मोटार होती. कसारा घाट चढताना ती धापा टाकू लागली. एका मिस्त्रीने पाहिले आणि लगेच निकाल दिला, "कन्व्हर्टर गेला. नवा टाका." चाचांनी बरेच पैसे मोजून नवा कन्व्हर्टर बसवला. मोटार पळू लागली. पण वर्षाच्या आतच पुन्हा तेच रडगाणे! दुसऱ्या, वयस्कर मिस्त्रीकडे मोटार नेली. त्यांनी कन्व्हर्टरला हात लावण्याआधी इंजिन तपासले. एका स्पार्क प्लगची वायर फाटलेली निघाली. त्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नव्हती. तिथले पेट्रोल न जळताच पुढे जात होते आणि कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटत होते. त्या उष्णतेने आतली जाळी वितळली होती. साध्या वायरपायी दोन कन्व्हर्टर वाया गेले!

मग खरी तपासणी कशी करावी? आधी कन्व्हर्टर कसकसा बिघडतो ते समजून घ्या. त्याचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार म्हणजे जाळी फुटणे. खड्ड्यात आदळल्याने किंवा दगड लागल्याने जाळीचे तुकडे होतात. इंजिन बंद करून, डबा पूर्ण थंड झाल्यावर मिस्त्री त्यावर रबरी हातोडीने हलकेच ठोकतात. आत खुळखुळ वाजले तर जाळी फुटली असे समजावे.

दुसरा प्रकार म्हणजे जाळी तुंबणे. अशा वेळी धुराला बाहेर पडायला वाट मिळत नाही. मोटार सपाट रस्त्यावर हळू चालते, पण चढावर किंवा वेगात दम तोडते. कधी ती सुरू होऊन लगेच बंद पडते. पण ही लक्षणे एअर फिल्टर किंवा पेट्रोलचा फिल्टर तुंबल्यावरही दिसतात. म्हणून नुसत्या लक्षणांवर विसंबू नये. मिस्त्री कन्व्हर्टरच्या आधीच्या नळीला दाब मोजण्याचे मीटर लावतात. इंजिनाचे मिनिटाला २५०० फेरे होत असतानाही हा दाब दर चौरस इंचाला साधारण ३ पौंडांच्या आत असावा. तो बराच जास्त असेल, तर पुढे कुठेतरी वाट अडली आहे. आता तुंबला आहे तो कन्व्हर्टर की सायलेन्सर? त्यासाठी कन्व्हर्टरच्या मागचा जोड सोडून पुन्हा दाब मोजतात. दाब उतरला तर दोष सायलेन्सरचा. तो तसाच राहिला तर दोष कन्व्हर्टरचा.

तिसरा प्रकार ओळखायला सर्वांत कठीण. जाळी शाबूत असते, मोटारही छान पळते, पण लेप निकामी झालेला असतो. पहारेकरी जागेवर उभा आहे, पण झोपलेला आहे! अशी मोटार पीयूसीच्या तपासणीत नापास होऊ शकते. ज्या मोटारींत कन्व्हर्टरच्या आधी आणि नंतर असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात, त्यांत हे लवकर कळते. पुढच्या सेन्सरचा विद्युतदाब सतत वरखाली होतो. कन्व्हर्टर चांगला असेल तर मागच्या सेन्सरचा दाब जवळजवळ स्थिर राहतो. तोही पुढच्यासारखाच नाचू लागला, तर इंजिनाचा दिवा लागतो आणि तपासणीच्या यंत्रावर 'पी ०४२०' हा संकेत येतो. पण थांबा! नळीला भोक पडून बाहेरची हवा आत शिरत असेल किंवा सेन्सरच बिघडला असेल, तरी हा संकेत येऊ शकतो. म्हणून आधी नळीचे जोड आणि सेन्सर तपासावेत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवा. कन्व्हर्टर बहुधा आपणहून मरत नाही, त्याला कोणीतरी मारते. ठिणगी न पडणारा प्लग, गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडणारे इंजिन, धुराबरोबर जळणारे ऑइल, रेडिएटरचे गळून सिलिंडरमध्ये शिरणारे पाणी, हे खरे गुन्हेगार. धुराला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर इंजिन जास्त पेट्रोल पीत असल्याचा संशय घ्यावा. निळसर धूर दिसला, तर ऑइल जळते आहे असे समजावे. हे दोष दूर न करता नवा कन्व्हर्टर बसवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय.

काही लोक तुंबलेली जाळी फोडून रिकामा डबाच परत बसवतात. मोटार जोरात पळते, पण विष सर्वांच्या श्वासात जाते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो. म्हणून बंद खोलीत मोटार कधीही चालू ठेवू नये. चालू मोटारीचा कन्व्हर्टर अतिशय तापलेला असतो. त्याला हात लावू नये आणि मोटार वाळक्या गवतावर उभी करू नये.

मित्रांनो, ही तपासणी मिस्त्रींचे काम आहे. पण प्रश्न विचारणे तुमचे काम आहे. कोणी "कन्व्हर्टर गेला" म्हणाले, तर नम्रपणे विचारा, "तो कशाने गेला?" चाचांनी पहिल्याच दिवशी हा प्रश्न विचारला असता, तर त्यांचे पैसे वाचले असते आणि रस्त्यावरची हवाही!

स्वाध्याय

१. उत्प्रेरकाला लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाची उपमा का दिली आहे?
२. तुंबलेला कन्व्हर्टर आणि तुंबलेला सायलेन्सर यांतील फरक मिस्त्री कसा ओळखतात?
३. चाचांचे दोन कन्व्हर्टर कशामुळे वाया गेले?
४. 'चोर सोडून संन्याशाला फाशी' या म्हणीचा अर्थ सांगा आणि तुमच्या अनुभवातील एक उदाहरण लिहा.