पुस्तकांतील चित्र

भिंतीवर टांगलेलें चित्र स्वयंपूर्ण असतें. पुस्तकांतील चित्र मजकुराच्या सोबतीनेंच बोलतें. म्हणून तें गौण, असा पुष्कळांचा समज आहे. विद्यार्थिमित्रांनो, लुइस कॅरोल यांची १८६५ सालीं प्रसिद्ध झालेली ॲलिसची इंग्रजी गोष्ट उघडून पाहा. ग्रिफन या काल्पनिक प्राण्याचें वर्णन न करितां लेखक वाचकास सरळ जॉन टेनिएल यांच्या चित्राकडे धाडतो. तेथें शब्दांचें काम चित्रच करितें. पुढें दुसऱ्या भागाच्या वेळीं, केसांचा टोप घातलेली गांधीलमाशी रेखाटणें कलेच्या आवाक्याबाहेरचें आहे, असें टेनिएल यांनीं कळविलें. चित्रकार गौण असता, तर लेखकानें त्याचें ऐकलें असतें काय? कॅरोल यांनीं तो सबंध प्रसंगच गाळिला, व १८७१ च्या अखेरीस पुस्तक गांधीलमाशीवांचून निघालें.