सात वाजून वीस मिनिटं

आमच्या गल्लीतले रिक्षावाले काका फोन पिठाच्या डब्यात ठेवतात, हे मला त्यांच्या लेकीने सांगितलं. वसुलीवाल्यांची रिंग म्हाताऱ्या आईच्या कानावर पडू नये म्हणून. लोकअदालतीत बँकेशी तडजोड झालेली, बारा हप्ते ठरलेले, चार वेळेवर भरलेले, तरी फोन थांबेनात. तो डबा काही डोक्यातून जाईना. शेवटी त्यांच्यासोबत मीही जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात गेले.

तिथल्या स्वयंसेविका ताईंनी आधी निवाडा मागितला. १९८७ च्या कायद्यानुसार लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपीलही नाही. ‘‘बँकेचीही सही आहे यावर. मग तुम्ही का लपता?’’ पावत्या तपासून त्यांनी बँकेला द्यायचा तक्रारअर्ज लिहून घेतला.

मग एका शंभर पानी वहीत रेघा मारल्या : तारीख, वेळ, नंबर, कोण बोललं, काय बोललं. फोनमधली यादी बघून काका सांगत गेले, ताई लिहीत गेल्या. तीन आठवड्यांत एकतीस फोन. एकतीस! त्यातले नऊ संध्याकाळी सातनंतरचे, शिवाय दोन मेव्हण्याला. थकबाकीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ‘‘तडजोड कागदावर होते, पण एजन्सीकडे जुनीच यादी फिरत राहते,’’ ताई म्हणाल्या. त्या यादीची शिक्षा मात्र हप्ते भरणाऱ्या माणसाला.

दारात कुणी आलंच तर ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र बघायचं, हातात रोख द्यायची नाही, हप्ता कर्जखात्यातच भरायचा आणि चुकवायचा नाही. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करायची; तिला पैसे पडत नाहीत.

शेवटी ताईंनी काकांकडून तीन वाक्यं घोकून घेतली. ‘‘तडजोड झालीय. हप्ते खात्यात भरतोय. काय असेल ते लेखी कळवा.’’ पहिल्यांदा म्हणताना काका माफी मागितल्यासारखे बोलले, शेवटी ‘साहेब’ही जोडलं. ‘‘साहेब म्हणा हवं तर,’’ ताई म्हणाल्या, ‘‘पण आवाज खाली नको. पुन्हा म्हणा.’’ काका पुन्हा म्हणाले, मग आणखी एकदा. एकतीस फोन मुकाट्याने ऐकलेला माणूस चारचौघांत स्वतःचा आवाज शोधत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

परवा संध्याकाळी त्यांच्या घरी होते, तेव्हा फोन वाजला. काकांनी घड्याळाकडे पाहिलं, वही ओढली आणि लिहिलं, ‘७ वाजून २० मिनिटं’. मग फोन घेऊन तीच तीन वाक्यं म्हणाले. ‘साहेब’ही म्हणाले, पण आवाज खाली गेला नाही. बोलणं झाल्यावर फोन तिथेच टेबलावर ठेवला. कव्हरच्या कडेला अजून पीठ होतं.