श्वास सोडा, डॉक्टरकाका!

दिवाळीनंतरच्या मासिक सभेत चार-पाच सहकाऱ्यांनी मला गाठून विचारले, “या वयात समुद्रात पोहायला निघालात म्हणे?” त्यांतील एक हृदयरोगतज्ज्ञ, त्यांच्या स्वरात कौतुकापेक्षा काळजी अधिक होती. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा त्या काळजीला उत्तर द्यावे असे वाटले.

बेळगावहून आंबोली घाट उतरून आपण मालवणला मासे खायला जातो. तेथील चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा भरतात. वयाच्या ५४व्या वर्षी मी तिथल्या १ किलोमीटरच्या शर्यतीत नाव नोंदविले. पोहणे मला नवे नव्हते. आजोळच्या विहिरीत कमरेला वाळका भोपळा बांधून शिकलो होतो आणि २५ मीटरच्या तलावात ४० फेऱ्या सहज होत होत्या. हिशेब सरळ होता.

तो हिशेब नोव्हेंबरातल्या सरावात चुकला. किनाऱ्यापासून जेमतेम १०० मीटर गेलो असेन. खाली तळाची निळी रेघ नाही, धरायला कठडा नाही, पाणी गढूळ. एक लाट तोंडावर आली आणि श्वास घेता येईना. जेवढा घेण्याचा प्रयत्न करावा तेवढी छाती जड. माझा प्रशिक्षक म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी माझ्याच दवाखान्यात लस घेताना आकांत करणारा मुलगा. तो तरंगता फुगा पुढे सरकवून ओरडला, “श्वास सोडा, डॉक्टरकाका! सोडा आधी!”

मी ओशाळलो. दम्याच्या मुलांच्या आयांना मी हेच सांगत आलो आहे, की बाळाचा श्वास आत जात नाही असे दिसते, पण अडचण बाहेर सोडण्याची आहे. भरलेल्या फुप्फुसात नवी हवा मावणार कुठे? तीस वर्षे सांगितलेली गोष्ट स्वतःच्या छातीला ठाऊक नव्हती. शिवाय श्वास कोंडला की कार्बन डायऑक्साइड साठतो आणि जीव कासावीस होतो तो मुख्यतः त्यामुळे.

पुढचा महिना फेऱ्या मोजणे थांबविले. तोंड पाण्यात असताना सतत बुडबुडे सोडायचे. दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला शिकायचे, कारण लाट कोणत्या बाजूने येईल ते आपल्या हाती नसते. दर आठ-दहा हातांनंतर डोळे पाण्याबाहेर काढून समोरची खूण पाहायची. डोळे मिटून पोहून पाहिले तेव्हा मी किती डावीकडे भरकटतो ते कळले. आणि घाबरलो की उताणे होऊन तरंगायचे. खारे पाणी अंगाला उचलून धरते. विहिरीने हे लाड कधी केले नव्हते.

हृदयरोगतज्ज्ञ मित्राचेही ऐकले. ट्रेडमिल चाचणी करून घेतली. त्यांची काळजी अनाठायी नव्हती. अमेरिकेतील ट्रायथलॉन स्पर्धांचा १९८५ ते २०१६ या काळाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या १३५ घटनांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या आणि बळींत मध्यमवयीन पुरुषच अधिक. आपल्यापैकी जे रक्तदाबाची गोळी घेऊन ‘मला काही होत नाही’ म्हणतात (मीही म्हणत असे), त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. पोहताना खोकला येऊन गुलाबी फेस पडला, तर शर्यत तिथेच सोडायची असते.

शर्यतीच्या सकाळी काखेत नि मानेला व्हॅसलिन फासून उभा राहिलो. शिट्टी झाली, घोळका पाण्यात शिरला. मी अर्धा मिनिट मुद्दाम थांबलो. अर्ध्यावर कोणाची तरी लाथ चष्म्यावर बसली, पाणी आत गेले आणि जुनी भीती आली. उताणा झालो. फुंकर मारल्यासारखा श्वास सोडत आकाश पाहिले. बचावनौका जवळ आली. ‘ठीक आहे’ सांगायला हात वर करणार, तोच आठवले की इथे वर केलेला हात म्हणजे मदतीची हाक. मग ओरडूनच सांगितले.

किनाऱ्याला लागलो तेव्हा शाळकरी मुलांची केळी खाऊन झाली होती. माझ्या मागे दोघेच होते.

सोमवारी सकाळचा पहिलाच रुग्ण सहा वर्षांचा, दम्याचा. त्याच्या हाती स्पेसर देताना सवयीने ‘घाबरू नकोस’ म्हणणार होतो. त्याऐवजी म्हणालो, “आधी हळूच फुंकर मार बघू.”