मृत समुद्रातील गुप्त हिंदोळा

मृत समुद्र हा नावापुरताच समुद्र. वस्तुतः ते पश्चिम आशियातील एक खारे सरोवर होय. त्याचे पाणी समुद्रसपाटीहून ४३० मीटरांपेक्षाही अधिक खाली आहे. जॉर्डन नदी त्यास येऊन मिळते. परंतु त्यातून एकही प्रवाह बाहेर पडत नाही. पाण्याची वाफ होऊन जाते, मीठ तेवढे मागे उरते. म्हणून हे पाणी इतके जड, की मनुष्य त्यावर ओंडक्यासारखा तरंगतो.

उन्हाळ्यात या पाण्याचे दोन थर होतात. वरचा सुमारे २५ ते ३० मीटर जाडीचा थर उन्हाने तापलेला व हलका. खालचा थंड व जड. सायंकाळी भूमध्य समुद्राकडील वारा डोंगर ओलांडून सरोवरावर उतरतो आणि वरचे पाणी एका काठाकडे लोटतो. तेथे खालचा थर दबतो व दुसऱ्या काठाशी वर चढतो. वारा पडला, की थरांमधील सीमा परत फिरते. पण समपातळीशी न थांबता झोपाळ्याप्रमाणे पलीकडे जाते. काठांशी ती कित्येक मीटर वरखाली होते. मध्यभागी जवळजवळ हलत नाही. जागच्या जागी डोलणाऱ्या अशा लाटेस स्थिर तरंग म्हणतात. नवल हे, की काठावर उभ्या असलेल्यास यातले काहीच दिसत नाही!

काचेच्या बाटलीत निम्मे पाणी व निम्मे गोडेतेल काठोकाठ भरावे, बूच लावून ती आडवी धरावी व एक टोक किंचित उचलून खाली आणावे. मधली रेषा संथपणे हेलकावताना दिसेल. पाणी व हवा यांच्या वजनांत मोठे अंतर असते, म्हणून पृष्ठभागावरील लाट चटकन खाली येते. तेल व पाणी यांत ते अंतर थोडे; सरोवराच्या थरांत तर अगदीच थोडे. त्यामुळे तेथील एका हेलकाव्यास कित्येक तास, कधी जवळजवळ एक दिवस लागतो. शास्त्रज्ञ दोरीला ठिकठिकाणी तापमापक बांधून पाण्यात सोडतात. एकाच खोलीवरचे पाणी आळीपाळीने उष्ण व थंड होऊ लागले, की हिंदोळा सापडला.

पूर्वी नदीचे गोडे पाणी वर पसरे, त्यामुळे वरचा थर बारा महिने हलका राही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पाणी शेतीसाठी व शहरांसाठी वळविण्यात आले. काठावरील कारखानेही पाणी उपसू लागले. सरोवर आटत चालले. आता त्याची पातळी दरवर्षी सुमारे एक मीटर उतरते. वरचा थर अधिकाधिक खारट होत गेला आणि १९७९ साली, शेकडो वर्षांनंतर, वरचे पाणी थेट तळापर्यंत मिसळले. तेव्हापासून, अतिवृष्टीची थोडी वर्षे सोडली, तर दर हिवाळ्यात दोन्ही थर एक होतात. उन्हाळ्यात वरचे पाणी खालच्याहून अधिक खारट असूनही केवळ उष्णतेच्या बळावर वर टिकते. ते निवले, की मिठाच्या भाराने खाली उतरते आणि हिंदोळा थांबतो, तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.