महाविद्यालयीन स्नेहसंमेलन आणि आपली विविधता

दिवाळीची सुट्टी संपली, सत्र परीक्षा आटोपल्या की महाविद्यालयांतून स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागतात. साडी डे, टाय डे, ट्रॅडिशनल डे, खाद्यमेळा, एकांकिका, नाच-गाणी असा महिनाभराचा कार्यक्रम फलकावर लागतो. आमच्या अनेक सभासदांना हा सर्व प्रकार म्हणजे वेळेचा व पैशाचा अपव्यय वाटतो. पोटाला चिमटा काढून मुलामुलींना शिकविणाऱ्या आईवडिलांना तसे वाटणे स्वाभाविकच आहे. "तू शिकायला गेलास की नाचायला?" हा प्रश्न आपल्या वस्तीत घरोघरी ऐकू येतो.

तथापि आमचे मत थोडे निराळे आहे. वर्गात विद्यार्थी बाकावर शेजारी शेजारी बसतात खरे, पण एकमेकांचे घर, भाषा, अन्न, देव, सण यांची त्यांना ओळख होत नाही. ती ओळख होण्याची जागा म्हणजे नाटकाची तालीम, भित्तिपत्रकाची जुळवाजुळव आणि मंडपाची उभारणी. म्हणून हे कार्यक्रम हवेत. मात्र ते कसे होतात, त्यात कोणाला काय काम मिळते, हे आपल्या विद्यार्थ्यांनी डोळसपणे पाहिले पाहिजे. त्यासाठी प्रथम आपल्याच एका महाविद्यालयाकडे वळू.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. सोसायटीचे पहिले महाविद्यालय म्हणजे मुंबईचे सिद्धार्थ. ते २० जून १९४६ रोजी सुरू झाले. त्यानंतर जून १९५० मध्ये औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दुसरे महाविद्यालय उघडले. त्याच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. तो मुलूख तेव्हा हैदराबाद राज्यात होता. निजामाच्या अमदानीत प्रजा मराठी, तेलुगू, कानडी बोलणारी. पण १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षण उर्दूतून. संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले आणि अवघ्या दोन वर्षांत हे महाविद्यालय उभे राहिले. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून, निरनिराळ्या जातींतून आणि धर्मांतून येथे मुले आली. घराण्यात शाळेची पायरी चढलेला पहिलाच, असे त्यांत पुष्कळ होते.

या महाविद्यालयास बाबासाहेबांनी 'मिलिंद' हे नाव दिले आणि परिसरास 'नागसेनवन'. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर. भिक्खू नागसेनाशी त्याचा सागल नगरीत जो संवाद झाला तो 'मिलिंदपञ्ह' या पालि ग्रंथात आलेला आहे. राजा परदेशी वंशाचा आणि वादविवादात भल्याभल्यांना निरुत्तर करणारा. त्याने चर्चेची इच्छा दर्शविताच नागसेनाने त्याला विचारले की, तू पंडितासारखी चर्चा करणार की राजासारखी? पंडितांच्या चर्चेत एखाद्याचे म्हणणे खोडले जाते, चूक दाखविली जाते, पण त्याबद्दल कोणी रागावत नाही. राजे लोक मात्र आपला मुद्दा मांडतात आणि जो तो मान्य करीत नाही त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंदाने पंडितांची रीत पत्करली आणि मगच संवाद सुरू झाला. विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या महाविद्यालयाला असे नाव देण्यात केवढी दूरदृष्टी होती! दोन निराळ्या वंशांची, निराळ्या संस्कारांची माणसे समोरासमोर बसली. परंतु बसण्यापूर्वी त्यांनी नियम ठरवून घेतला.

सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे. १९५० साली याच संसदेपुढे बाबासाहेबांचे हिंदू कोड बिलावर भाषण झाले. देशभर ज्या विधेयकावरून वादळ उठले होते, ते विद्यार्थ्यांपुढे मोकळ्या चर्चेसाठी आले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. प्राचीन काळापासून आधुनिक काळापर्यंत अस्पृश्यांच्या वाट्याला काय आले ते या नाटकात दाखविलेले आहे. १९५५ साली विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांच्या उपस्थितीत केले आणि पुढे १९५६ साली नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळीही ते झाले. प्रयोग कसा वठला याहून आम्हाला तालमीचा भाग महत्त्वाचा वाटतो. नाटक बसवायचे म्हणजे उच्चार सुधारावे लागतात, दुसऱ्याचे संवाद पाठ करावे लागतात, कोणी तरी सवर्णाची भूमिका घ्यावी लागते आणि कोणी अस्पृश्याची. ज्या गोष्टी घरी कधी बोलल्या जात नाहीत त्या तालमीत मोठ्याने बोलाव्या लागतात. एरव्ही कोणत्या वर्गात हे घडते?

आता आजच्या चित्राकडे वळू. ट्रॅडिशनल डे म्हणजे आपली विविधता असे समीकरण झालेले आहे. मुली नऊवारी नेसतात, मुले फेटे बांधतात, कोणी भांगड्याचा पोशाख भाड्याने आणतो. हौस म्हणून त्यात वावगे काही नाही. पण पोशाख भाड्याने मिळतो, संस्कृती भाड्याने मिळत नाही. शिवाय ज्या मुलीची आजी शेतात कासोटा घालून राबली, तिच्या लुगड्याला त्या दिवशी कोणी 'ट्रॅडिशनल' म्हणत नाही, हेही आम्ही पाहिलेले आहे.

याहून गंभीर गोष्ट आदिवासी विद्यार्थ्यांची. पालघरकडील वारली समाजाचा तारपा नाच आता बहुतेक संमेलनांत असतो. तारपा हे वाळलेल्या दुधी भोपळ्यापासून केलेले लांबलचक वाद्य. वाजविणारा मधोमध राहतो आणि नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरतात. त्यांचे लक्ष वादकाकडे, पाठ बाहेरच्या जगाकडे. रात्र रात्र चालणारा हा नाच. हाच नाच महाविद्यालयाच्या रंगमंचावर आला की काय होते? प्रेक्षक एकाच बाजूला, म्हणून वर्तुळ मोडून रांग करायची, तोंडे प्रेक्षकांकडे करायची, आणि युवक महोत्सवाच्या नियमाप्रमाणे दहा मिनिटांत आटपायचे. नाचणारे बहुधा शहरातील, त्यांना कोणी तरी चित्रफीत दाखवून शिकविलेले असते. खरोखरीचा वारली विद्यार्थी मात्र मागच्या रांगेत मुकाट बसलेला! त्याला कोणी विचारलेले नसते. विचारले तरी "तुमचा तो नाच करून दाखव" एवढेच. त्याला कविता येते की नाही, त्याला वादविवादात भाग घ्यायचा आहे की नाही, हे कोणाच्या मनातही येत नाही.

आमची सूचना अगदी साधी आहे. तारपा मैदानात होऊ द्या. पाहणाऱ्यांनी भोवती उभे राहावे, जमेल त्यांनी साखळीत सामील व्हावे. आणि ज्या समाजाचा तो नाच आहे त्या समाजाच्या विद्यार्थ्याकडे त्याची सूत्रे द्यावीत. त्याची इच्छा नसेल तर त्याला गळ घालू नये.

संमेलनातील आणखी एक प्रकार म्हणजे शेलापागोटे, ज्याला मुले फिशपाँड म्हणतात. निनावी चिठ्ठ्या टाकायच्या आणि त्या व्यासपीठावरून वाचून दाखवायच्या. थट्टामस्करी कोणाला नको आहे? पण या चिठ्ठ्यांत रंग, आडनाव, गावाकडची बोली, शिष्यवृत्ती यांवरून टोमणे मारले जातात. आणि ज्याच्यावर मारले त्याने हसत हसत जवळ जाऊन ते स्वीकारायचे असतात. नागसेनाच्या भाषेत सांगायचे तर ही राजांची चर्चा झाली. येथे बोलणाऱ्याचे नावसुद्धा कळत नाही, उत्तर देण्याची सोयच नाही. चिठ्ठ्या अगोदर चाळण्यासाठी समिती नेमावी आणि त्या समितीत निरनिराळ्या थरांतील मुले-मुली असावीत. ज्याला कधी टोमणा बसलेला नाही, त्याला तो ओळखताही येत नाही.

खाद्यमेळ्यासंबंधी थोडेसे. पाणीपुरी आणि सँडविच यांचे गाळे सर्वत्र असतात. नाचणीची भाकरी, ज्वारीच्या कण्या, अंबाडीची भाजी, सुकटीची चटणी यांचा गाळा कोणी लावील तर तो खरा मेळा. घरचे अन्न डब्यात झाकून खाणारी मुले आजही आहेत. सुकटीच्या वासाने नाक मुरडणाऱ्या मित्राला एकदा ती चटणी भाकरीबरोबर वाढून पाहावी. पुष्कळदा दुसऱ्या खेपेला तोच मागून घेतो.

आमचा जन्म बँकेच्या काउंटरमागे गेल्यामुळे एक गोष्ट नजरेत भरते. संमेलनात कोणाला नाचायला मिळाले याची चर्चा होते, पण खजिनदार कोण होता याची होत नाही. वर्गणीच्या पावत्या कोणाच्या सहीने फाटतात, मंडपवाल्याशी भाव कोण ठरवितो, पाहुणे कोण सुचवितो, सूत्रसंचालन कोणाकडे, यावरून महाविद्यालयातील विविधता खरी की देखाव्याची ते कळते. आपल्या मुलांना सतरंज्या उचलण्याचे व खुर्च्या लावण्याचे काम आपसूक मिळते. ते काम कमी प्रतीचे नाही. पण दरवर्षी तेच आणि त्यांच्याकडेच का? आमचे विद्यार्थ्यांना सांगणे आहे की हिशेबाची वही मागून घ्या. प्रत्येक खर्चाचे व्हाउचर ठेवा, रोख जवळ बाळगू नका, संमेलनानंतर आठ दिवसांत जमाखर्च फलकावर लावा. ज्या मुलाने वीस-पंचवीस हजारांचा चोख हिशेब दिला त्याला पुढे नोकरीच्या ठिकाणी कोणी बोट दाखवू शकत नाही. शिवाय वही हाती असली की इतर समाजांतील मुले सल्ल्यासाठी आपणहून जवळ येतात.

आता थोडे आपल्या स्वतःकडे पाहू. १४ एप्रिलची जयंती महाविद्यालयात साजरी होते, पण बहुतेक ठिकाणी तेथे आपलीच मुले असतात. इतर येत नाहीत ही तक्रार खरी आहे. पण आपण त्यांच्या दारी जाऊन किती वेळा बोलावले? आणि १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला, ईदच्या मिलापाला, ख्रिस्ती मित्राच्या नाताळला आपण किती वेळा गेलो? जाण्याने आपला धम्म बाटत नाही. सम्राट अशोकाच्या बाराव्या शिलालेखाचा आशय असा की, सर्व पंथांच्या साराची वाढ व्हावी. त्याचे मूळ वाणीच्या संयमात आहे. अकारण आपल्या पंथाची स्तुती व दुसऱ्याची निंदा करू नये आणि एकमेकांचा धर्म ऐकून घ्यावा. हा लेख गिरनारला ब्राह्मी लिपीत आहे, शाहबाजगढीला खरोष्ठीत आहे, आणि अफगाणिस्तानात कंदाहारला १९६३ साली त्याचा शेवटचा भाग चक्क ग्रीक भाषेत सापडला. म्हणजे दुसऱ्याचे ऐकून घ्या हे सांगतानाही त्या त्या लोकांना समजेल अशी भाषा अशोकाने वापरली. जयंतीच्या भाषणांत आपण हे ध्यानात ठेवतो काय? चौकात ज्या आवेशात बोलतो त्याच आवेशात महाविद्यालयात बोललो तर नवा श्रोता दुसऱ्या वर्षी येत नाही. येथे आवेशापेक्षा माहिती अधिक उपयोगी पडते. पाण्याचा हक्क, कामाचे तास, स्त्रियांचा वारसाहक्क या विषयांवर बाबासाहेबांनी काय केले ते सांगितले तर मराठा, माळी, मुसलमान, बंजारा अशा प्रत्येक मुलाला त्यात आपले घर दिसते.

राष्ट्रीय पातळीवर विद्यापीठांचे युवक महोत्सव १९५४ पासून सुरू झाले. स्पर्धा म्हणून ते चांगलेच आहेत. पण स्पर्धेत निवडक पाच-दहा जण जातात आणि बाकीचे टाळ्या वाजवितात. विना-स्पर्धेचे, सर्वांना सामावणारे काही करायचे तर आमच्या मते मातृभाषा दिन सर्वांत सोपा. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात विद्यार्थी आपल्या बंगाली भाषेसाठी रस्त्यावर उतरले असता पोलिसांनी गोळीबार केला आणि काहींनी प्राण गमावले. युनेस्कोने १९९९ साली तो दिवस जगासाठी जाहीर केला आणि २००० पासून तो पाळला जातो. मुळात हा दिवस विद्यार्थ्यांचाच आहे.

या दिवशी एका वर्गात बसून प्रत्येकाने आपल्या घरच्या बोलीत पाच मिनिटे बोलावे. अहिराणी, वऱ्हाडी, गोंडी, कोरकू, भिली, बंजारा समाजाची गोरमाटी, दखनी उर्दू, अशा किती तरी बोली एकाच महाविद्यालयात निघतील. पुस्तकी मराठीत अडखळणारा मुलगा आपल्या बोलीत कसा धबधब्यासारखा बोलतो ते एकदा ऐकावे. शेजारच्याने त्याचा अर्थ प्रमाण मराठीत सांगावा, म्हणजे दोघांनाही काम मिळते.

आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीस विनंती आहे की, येत्या २१ फेब्रुवारीस विहाराशेजारचा सभागृह संध्याकाळी या कार्यक्रमासाठी मोकळा ठेवावा. परिसरातील सर्व महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना, कोणत्याही समाजाचे असोत, आमंत्रण जावे. प्रवेश फी ठेवू नये, बक्षिसेही ठेवू नयेत. चहा व पोह्यांचा खर्च सभासदांनी वाटून घ्यावा. लिहून आणलेच पाहिजे असे नाही. आजीकडून ऐकलेली एखादी गोष्ट किंवा जात्यावरची चार वाक्येही चालतील. नावे विद्यार्थ्यांनीच नोंदवून घ्यावीत, सूत्रसंचालन त्यांनीच करावे. आम्ही सभासदांनी मागे बसून ऐकावे आणि शेवटच्या मुलाचे बोलणे होईपर्यंत उठू नये.