अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग आणि घरातील मौन

पर्वतीच्या पायऱ्या रोज चढणारे साठीपुढचे गृहस्थ गुडघेदुखीविषयी तासभर बोलतील. परंतु रात्री चार वेळा लघवीला उठावे लागते, हे घरात सांगणार नाहीत. आजच्या विषयातील निम्मी अडचण या संकोचातच आहे.

पुरुषाच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाभोवती, अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला अष्ठीला ग्रंथी म्हणतात. दवाखान्यात तिचे नाव प्रोस्टेट. वयोमानाप्रमाणे ती वाढते, आणि ही वाढ बहुधा साधीच असते. तिचा कर्करोग मात्र प्रारंभी पुष्कळदा कोणतेच लक्षण दाखवीत नाही. पीएसए नावाची रक्ततपासणी संशय दाखविते, निदान करीत नाही. साध्या वाढीने किंवा जंतुसंसर्गानेही तो आकडा चढतो. निर्णय होतो तो ग्रंथीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. हा परदेशीयांचा रोग, ही समजूतही सोडली पाहिजे. पुण्यासारख्या मोठ्या शहरांच्या नोंदींत पुरुषांच्या कर्करोगांमध्ये त्याचा क्रमांक बराच वरचा आहे.

निदान ऐकताच वाटते, उद्याच शस्त्रक्रिया उरकावी. परंतु ग्रंथीपुरत्या मर्यादित रोगात विचाराला बहुधा अवधी असतो. ब्रिटनमध्ये अशा १,६४३ पुरुषांचे तीन गट केले. एका गटास शस्त्रक्रिया, दुसऱ्यास किरणोपचार, तिसऱ्यास नियमित देखरेख. सुमारे १५ वर्षांनंतरचा निष्कर्ष २०२३ साली आला: तिन्ही गटांत या रोगाने दगावलेले शेकडा तीनच्या आसपासच होते. देखरेखीच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण मात्र सुमारे दुप्पट होते, आणि त्यातील अनेकांनी पुढे उपचार घेतले. म्हणजे देखरेख ही हयगय नव्हे. तपासणीची तारीख चुकविणाऱ्याने तो मार्ग धरू नये.

रोग पसरला तरी उपाय संपत नाहीत. पुरुषी संप्रेरक रोखल्यास हा कर्करोग ओसरतो, असे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखविले; १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या उपचारांचा एक मोठा आधार तोच आहे.

उपचारांची किंमतही आधी कळावी. शस्त्रक्रियेनंतर लघवी ठिबकू शकते, दांपत्यसुखात उणेपणा येऊ शकतो. किरणोपचाराने शौचाचाही त्रास संभवतो. संप्रेरक रोखणाऱ्या औषधांनी अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे होते, थकवा येतो, मन खचते. येथेच घरोघरी गैरसमज होतो. पती अबोल होतो; पत्नीला वाटते, आपलेच काही चुकले. चिडखोरपणा स्वभावाचा नसून औषधाचा असू शकतो, हे दोघांनाही कोणी सांगितलेले नसते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. डॉक्टरांकडे एकट्याने जाऊ नये; पत्नीला किंवा मुलाला बरोबर न्यावे. प्रश्न कागदावर लिहून न्यावेत: रोग ग्रंथीतच आहे की बाहेर? थांबल्यास काय? या उपचाराने काय जाईल आणि त्यातले काय परत येईल? शंका उरल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. त्यात पहिल्याचा अपमान नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्यावेत. लघवीवरचा ताबा परत यायला त्यांची मदत होते. झोप उडाली, जगणे नकोसे वाटले, तर तेही डॉक्टरांना सांगावे. तीही उपचाराचीच बाब आहे.

आणि घरच्यांनी ‘काही होत नाही’ असे म्हणून रुग्णाचे तोंड बंद करू नये. त्याला भीती वाटते, एवढे त्याला बोलून दाखवू द्यावे. धीर त्यानंतर द्यावा.