देहाच्या दिशा

रुग्ण पलंगावर उताणा निजलेला असो वा कुशीवर वळलेला असो, त्याच्या देहाचे वर्णन करताना शरीररचनाशास्त्र त्याला एकाच मुक्रर स्थितीत कल्पिते: तो ताठ उभा आहे, दृष्टी समोर आहे, हात बाजूंस सरळ सोडलेले आहेत आणि तळहात पुढे वळलेले आहेत. या स्थितीत अंगठा मध्यरेषेपासून दूर, म्हणजे पार्श्व, आणि करंगळी तिच्या निकट, म्हणजे अभिमध्य ठरते. खांद्याला अधिक जवळ असल्यामुळे कोपर मनगटाहून समीपस्थ होते. आणि हृदयाच्या अग्रभागी उरोस्थी, तर पश्चभागी पाठीचा कणा येतो. जमिनीच्या मोजणीत जशा हद्दी, तशी येथे तीन प्रतले आहेत: बाणसम प्रतल देहाचे डावे-उजवे, किरीट प्रतल पुढचे-मागचे व अनुप्रस्थ प्रतल वरचे-खालचे भाग पाडते. उजवे-डावे सदैव रुग्णाचे मानावयाचे, पाहणाऱ्याचे नव्हे. म्हणूनच सीटी स्कॅनच्या आडव्या छेदचित्रात उजवीकडचे यकृत आपल्या डाव्या हाताला दिसते. हा संकेत ढळल्यास शस्त्रक्रिया भलत्याच बाजूस होण्याचे भय असते. सबब कागदपत्रांत नमूद केलेली बाजू प्रत्येक रुग्णाने स्वतः वाचावी आणि शंका आल्यास डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.